वाटणीच्या आधीचा शुक्रवार

मी कोंबड्यांच्या घशातले नमुने घेते असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, पण तू तर पीएचडी करत होतीस ना? पूर्वी मी तावातावाने समजवायला बसायचे. आताशा नाही बसत. एका खुराड्यापुढे मी कशी वागले ते आठवलं की समजवायचा हुरूपच जातो.

माझा विषय एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा. न्यूरामिनिडेज त्याचं नाव. आईने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, हा आजार आहे की औषध? दोन्ही नाही. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर ते असतं, आणि कोंबड्यांच्या मानमोडीच्या विषाणूवरही असतं. मानमोडी म्हणजे दवाखान्याच्या भाषेत राणीखेत. विषाणू पेशीवरच्या एका साखरेला चिकटून आत शिरतो, आत स्वतःच्या ढीगभर नकला काढतो, आणि बाहेर पडताना त्या नकला त्याच साखरेला चिकटून दारातच अडकतात. न्यूरामिनिडेज ती साखर कापतं आणि त्यांना मोकळं करतं. माणसांच्या फ्लूवरचं एक औषध नेमकं ह्या कापण्यालाच अडवतं. मानमोडीच्या विषाणूत चिकटणं आणि कापणं ही दोन्ही कामं एकच प्रथिन करतं. ते किती झपाट्याने कापतं हे मला मोजायचं होतं, आणि तेही प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं सांभाळलेल्या विषाणूचं नाही, आत्ता गावात फिरणाऱ्या विषाणूचं.

गावातल्या कोंबड्या म्हटल्यावर मला लांब जायची गरज नव्हती. आम्ही राहतो दहिवलीला, पण मूळ गाव खालापूर तालुक्यात, चौक गावापासून थोडं आत. तिथे माझी काकू राहते. धाकट्या काकांची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. भाताची दोन खाचरं आहेत, पण गावात तिला ओळखतात ते कोंबड्यांसाठी. ती स्वतःच्या कोंबड्या फारशा पाळत नाही. ती दुसऱ्यांच्या कोंबड्या वाट्याने सांभाळते.

आमच्याकडची ही जुनी रीत. ज्या बाईला शेत, डबे, कारखान्यातली पाळी आणि घरची म्हातारी माणसं ह्यातून कोंबडीमागे धावायला फुरसत नाही, ती आपली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, काकूकडे आणून सोडते. कोंबडी तिची, दाणा आणि राखण काकूची. कोंबडी खुडूक बसली, पिल्लं निघाली, आईपासून सुटी झाली की निम्मी निम्मी वाटून घ्यायची. त्या वाटणीलाही रीत आहे. काकूकडे पाच घरच्या कोंबड्या असायच्या. त्या पाचही घरांची पिल्लं बांबूच्या एका मोठ्या डालग्याखाली झाकायची. मग एकेकीने डालगं जरासं उचलून, न बघता, हात आत घालायचा. हाताला लागेल ते पिल्लू तिचं. पहिला हात मालकिणीचा, दुसरा काकूचा. कुणी म्हणायला नको की चांगलं चांगलं हिने काढून घेतलं. कुणाच्या कोंबडीची किती पिल्लं निघाली ते काकूच्या डोक्यात पक्कं असतं आणि त्यावरून कधी वाद झालेला मी ऐकला नाही. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळ्या म्हणायच्या. काकूकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि ती ते पुरेपूर मिरवायची.

दिवाळीनंतर, भाताची झोडणी उरकली त्या सुमाराच्या एका रविवारी मी बर्फाचा डबा घेऊन स्कूटीवरून गेले. कोंबड्या ठणठणीत होत्या, खळ्यावर सांडलेलं भात टिपत होत्या. काकू एकेक धरून द्यायची, मी चोच उघडून घशात कापसाची काडी फिरवायची. तिला सारखं हसू येत होतं. कोंबडीला खोकला झालाय का, म्हणाली. मग मी फॉर्म भरला. त्यात एक ओळ होती, कळपाचा मालक. मी काकूचं नाव लिहिलं. पाच मालकिणी आहेत हे मला लहानपणापासून ठाऊक, पण ओळ एकच होती आणि पाच नावं लिहिली तर वर सतरा प्रश्न येतील, म्हणून मी एकच लिहिलं. निघताना काकू म्हणाली, "येत्या रविवारी वाटणी हाय. तू ये गं, मोजायला बरी पडशील."

शुक्रवारी दुपारी निकाल आला. ही तपासणी दिसायला साधी असते. ताटलीतल्या छोट्या छोट्या खळग्यांत कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी घालतात. विषाणू असेल तर थंडीत त्या एकमेकींना धरून जाळीसारख्या पसरतात. मग ताटली उबेला ठेवायची. विकर कापायला लागलं की पकड सुटते, आणि जरा हलवलं की पेशी तळाशी घरंगळून लाल टिकलीसारख्या जमतात. काकूच्या कोंबड्यांच्या नमुन्यांत इतक्या झटपट टिकल्या झाल्या की मी घड्याळ दोनदा बघितलं. दुसऱ्या तपासणीत राणीखेतच असल्याची खात्री झाली. थोरल्या कोंबड्यांच्या अंगात आधीची प्रतिकारशक्ती असावी, म्हणून त्या ठणठणीत दिसत होत्या आणि विषाणू मात्र बाहेर टाकत होत्या.

मी खूश झाले. हे लिहायला हात अडखळतो, पण तेच झालं होतं. महिनोन्महिने मेलेले, अर्धमेले नमुने तपासून कंटाळलेली मी, आणि हातात असा सणसणीत विषाणू. मी त्या ताटलीचा फोटो काढला आणि मैत्रिणीला पाठवला.

माझे मार्गदर्शक सर आले, त्यांनी बघितलं, फॉर्म बघितला. एकच मालक आहे ना, मग सोपं आहे, म्हणाले, आजच्या आज मालकाला आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन कर. मी हो सर म्हटलं. पाच घरं आहेत आणि परवा वाटणी आहे, हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी माझ्यासमोर उभं राहून फोन करायला लावला असता. मी ते सांगितलं नाही.

कारण मला दुसरा नमुना हवा होता. त्याच कोंबड्यांचा, आठवड्यानंतरचा. एका आठवड्यात विकराची धार बदलते का ते दाखवता आलं तर माझ्या कामाला वजन येणार होतं. आणि गावात मर आल्याची कुणकुण लागली की काय होतं ते मला पक्कं माहीत. कोंबड्या टोपल्यांत भरून हायवेवर विकायला जातात, उरलेल्या चुलीवर जातात, आणि शनिवार संध्याकाळपर्यंत माझा नमुना कुणाच्या तरी रश्श्यात. म्हणून मी मनाशी बेत आखला. रविवारी सकाळी लवकर जायचं, आधी नमुने घ्यायचे, मग वाटणीच्या आत सगळ्यांना सांगायचं. दीडच दिवसाचा प्रश्न होता. फार हुशारीचा बेत वाटला मला तो.

त्याच संध्याकाळी काकूचा फोन आला. मी स्क्रीनवर तिचं नाव बघत बसले आणि उचलला नाही. उचलला असता तर तिच्याशी खोटं बोलावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. न उचलणं जमलं.

रविवारी मी नऊच्या आत पोचले. अंगणात काकूच्या वाट्याची थोडी पिल्लं फिरत होती, बाकी शांत. पाच घरांपैकी एका घरी रविवारचं लग्न निघालं होतं, त्यांना यायला जमणार नव्हतं, म्हणून वाटणी शनिवारी सकाळीच उरकली होती. काकू म्हणाली, "परवा ते सांगायलाच फोन केलेला तुला. उचललास नाय."

मी म्हटलं, लॅबमध्ये होते.

इथे तरी मी तोंड उघडायला हवं होतं. पिल्लं घरोघर जाऊन एकच दिवस झाला होता. पाच दारं, सगळी पायी जाण्याच्या अंतरावर. पिल्लं वेगळी ठेवा, त्यांचं पाणी घरच्या कोंबड्यांना देऊ नका, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुला कधी कळलं? आणि शुक्रवार हे उत्तर देण्यापेक्षा मला गप्प राहणं सोपं गेलं. मी नमुने घेतले. दुसऱ्या आठवड्याचे, व्यवस्थित, लेबलं लावून. काकूला म्हटलं, कुठेकुठे साथ आहे म्हणतात, सगळ्यांच्या कोंबड्यांना लस करून घेऊ. ती म्हणाली, कुपी शंभर कोंबड्यांची येते आणि फोडली की लगेच संपवावी लागते, सगळ्यांना जमवायला दोन-तीन दिवस जातील. बरं, म्हटलं.

सोमवारी मी दवाखान्यात फोन केला. त्यांचा माणूस बुधवारी आलाही. तोवर पहिल्या घरची पिल्लं पंख टाकून बसली होती. हिरवी शी, उघडी चोच, आणि मग त्या माना. पिळलेल्या कपड्यासारखी मान मागे वळते आणि पिल्लू स्वतःभोवती फिरत राहतं. लागण झालेल्याला लस वाचवत नाही, हे त्या माणसाने प्रत्येक घरी सांगितलं. पिल्लांमागून घरच्या कोंबड्या गेल्या. पाचही घरी. ज्या बाईची मुलगी बाळंतपणाला यायची होती, तिने तिच्यासाठी राखलेल्या कोंबड्यासुद्धा गेल्या. काकूकडची पिल्लं गेली, पण थोरल्या कोंबड्या राहिल्या. त्या राहिल्या हेच तिच्या अंगाशी आलं.

पुढच्या रविवारी मी तिथे होते. पाचही जणी आल्या होत्या. भांडायला म्हणून नाही, आपापल्या कोंबड्या परत न्यायला. त्यांतली एक, जी कारखान्यातल्या लोकांना डबे देते आणि जिने सगळ्यांत जास्त तलंगा दिल्या होत्या, ती काकूला म्हणाली, "तुज्याकडच्या जगल्या आणि आमी नेल्या तेवड्या मेल्या. तुज्या हाताचा गुण गेला गं."

मी खुराड्याशेजारी उभी होते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी शिकलेली, मला काहीतरी सांगता येईल. मी सांगितलं की हा विषाणूचा आजार आहे आणि तो कुणाच्या हातामुळे होत नाही. अगदी शास्त्रशुद्ध. त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून ते मला जास्त बोचतं. काकू म्हणाली, "पिल्लं माज्या डालग्यातनं गेली. माजाच दोष." मग तिने एकेकीची कोंबडी धरून एकेकीच्या हातात दिली. कुणाची कुठली हे तिला विचारावं लागलं नाही.

माझं काम छान झालं. दोन आठवड्यांचे नमुने, दोन नोंदी. मी ते सगळ्यांसमोर मांडलं तेव्हा एका बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, शेतकऱ्यांच्या घरून असे लागोपाठचे नमुने मिळतात कसे, लोक सहकार्य करतात? मी म्हटलं, विश्वास संपादन करावा लागतो. माझी जीभ झडली नाही.

होळीच्या आसपास मला ते सहन होईनासं झालं. मोठा पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. काकूने एका फार्महाऊसवर झाडूपोछ्याचं काम धरल्याचं आईने जेवताना सहज सांगितलं, आणि मी अर्ध्या जेवणातून उठले. दुसऱ्या दिवशी मी गेले. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी बसल्याबसल्या सांगून टाकलं की मला शुक्रवारीच कळलं होतं.

"कंच्या शुक्रवारी?"

"वाटणीच्या आदल्या."

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी फोन केला तवा तुला ठाव व्हतं."

मी हो म्हटलं. तिने विचारलं, तेव्हा सांगितलं असतं तर पिल्लं वाचली असती का? मी खरं ते सांगितलं. तिच्याकडची कदाचित नसती वाचली, पण ती त्या पाच घरांत गेली नसती आणि त्या घरांच्या कोंबड्या राहिल्या असत्या. मला वाटलं, रागावेल, रडेल. मी रडायच्या तयारीत होते, खरं सांगायचं तर. तिने सूप बाजूला ठेवलं.

"मला कशाला सांगतेस? मी काय तुला दोषी धरलं नव्हतं. त्यांना सांग. माज्या हातावर आलंय तेवडं उतरव."

मी लगेच उठले. डबे देणाऱ्या बाईचं घर पहिलं. ती पोळ्या लाटत होती, तिने स्टूल पुढे केलं, मी सगळं सांगितलं. शुक्रवार, ताटली, सर, न उचललेला फोन, सगळं. काहीही गाळलं नाही. तिने लाटणं थांबवून ऐकून घेतलं, मग चहा टाकला. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "काकूसाठी किती करतेस गं. आपल्या माणसावरचा आळ असा अंगावर घ्यायला मन लागतं."

मी म्हटलं, अहो वहिनी, हे खरंच असं झालं.

ती हसली. "तू एवडी शिकलेली. तुला कळलं असतं तर तू गप बसली असतीस काय?"

माझ्या पिशवीत नोंदवही होती. त्यात शुक्रवारची तारीख, वेळ, खाली माझी सही. ती काढून दाखवायला काही क्षण लागले असते. मी ती काढली नाही. तिच्या डोळ्यांत मी जी कोणी दिसत होते, ती मला फार आवडली. मी चहा प्यायले. ती आपणहून सांगत होती की, काकूचं वाईट वाटतं, पण यंदाच्या तलंगा तिने आणि बाकीच्या चौघींनीही ठाकूरवाडीकडच्या एका बाईला द्यायचं ठरवून टाकलंय. एकदा हात गेला की गेला. काकूला आत्ताच सांगू नकोस, तिला लागेल, म्हणाली.

पुढच्या घरी मी तेच सांगितलं, जरा आटोपतं. तिसऱ्या घरी मी सांगायच्या आधीच त्या बाईला कळलेलं होतं, डबेवालीने फोन केला होता. ती म्हणाली, पुतणी असावी तर अशी. चौथ्या घरी मी फक्त बसून आले. पाचव्या घराला कुलूप होतं, आणि ते बघून मला किती बरं वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

परत आले तर काकू दारातच उभी होती. सांगितलंस का, म्हणाली. सांगितलं, म्हटलं. मग काय म्हणाल्या? मी म्हटलं, काही नाही, ऐकून घेतलं. तिने नुसती मान हलवली, पण त्या दिवशी तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि निघताना माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

पेरणीच्या आधी बायका तलंगा आणून सोडतात, एकदा शेतं सुरू झाली की त्यांना वेळ नसतो. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा काकूने खुराडं आतून बाहेरून सारवलं होतं. खाली चुना टाकला होता, दाराच्या काठ्या बदलल्या होत्या. फार्महाऊसवाल्यांना तिने सांगून ठेवलं होतं, पुढच्या महिन्यापासून येणार नाही म्हणून. मला खुराड्याचं दार उघडून दाखवलं आणि म्हणाली, "कुनी काय बोललं का गं तुज्याकडं? कदी आणून सोडतायत?"

मी म्हटलं, सोडतील.

याही वेळी निकाल मला ठाऊक आहे आणि तिला नाही.